चार्ज घेतला, पाणी ठीक

माझी सकाळ साडेसहाला जाळीने सुरू होते. लांब दांड्याची निळी जाळी तलावाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढायची आणि रात्रभरात पडलेली पानं, मेलेले किडे, एखादं पीस असं सगळं गोळा करायचं. मग पंपाच्या तोंडाशी असलेली गाळणी उघडून तिची टोपली झटकायची. मग काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात औषधाचे थेंब टाकायचे आणि रंग बघायचा. सोमवारी आणि गुरुवारी वाळूचा फिल्टर उलट्या पाण्याने धुवायचा, बुधवारी कडेच्या फरशा घासायच्या, शनिवारी तळ साफ करायचा. रविवारी सुट्टी असेल असं तुम्हाला वाटलं असेल. रविवारी पानं जास्त पडतात. का ते मला ठाऊक नाही, पण सलग चौदा रविवार मोजून खात्री करून घेतली आहे.

ज्याच्या घरी पोहण्याचा तलाव आहे त्याचा लोकांना हेवा वाटतो. पाहुणे येतात, काठावरच्या खुर्चीत पाय पसरून बसतात आणि म्हणतात, "चैन आहे बुवा तुमची." अशा वेळी त्यांच्या हातात जाळी द्यावी असं फार वाटतं. तान्ह्या मुलाचं करताना निदान ते कधीतरी मोठं होईल अशी आशा असते. तलाव मोठा होत नाही.

अर्थात पाणी हा माझा धंदाच होता. एकतीस वर्षं मी शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात, तिथल्या प्रयोगशाळेत काढली. पाण्याची पातळी मी दशांश मिलिमीटरपर्यंत लिहायचो, म्हणून तिथे मला सगळे 'मिलिमीटर' म्हणायचे. बायकोच्या कानावर हे नाव गेलं आणि तिने ते उचललं. ती शाळेत भूगोल शिकवायची. चिडवण्यात तिचा हात कोणी धरला नसता. "अहो मिलिमीटर, चहा निवतोय," ही हाक आमच्या घरात पंचवीस वर्षं चालली.

हे घर आम्ही तिच्या गुडघ्यांसाठी घेतलं. दोन्ही गुडघे झिजले होते, आणि डॉक्टर म्हणाले होते की जमिनीवर चालण्यापेक्षा पाण्यात चाला. मी निवृत्त झालो त्याच सुमारास वस्तीच्या कडेला हे बसकं, एकमजली घर मिळालं. मागे आठ मीटर लांब, चार मीटर रुंद तलाव आणि त्याच्या कोपऱ्यात पंपाची खोली. तलावात उतरायला रुंद पायऱ्या होत्या, पायऱ्यांना कठडा होता. बायकोने काठी बाजूला ठेवून कठडा धरून बघितला आणि माझ्याकडे बघून मान हलवली. तेवढ्यावर सौदा झाला.

आणखी एक गोष्ट इथेच सांगायला हवी. आमची एकुलती एक मुलगी इथून सहा तासांच्या रस्त्यावर राहते. तिचा आणि माझा रक्तगट एकच, आणि तो हजारात एखाद्याचा. आम्ही घर घेतलं तेव्हा तिला दिवस गेले होते. तिच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं की बाळंतपणात रक्तस्राव होण्याचा धोका आहे, वडील हाताशी हवेत. "बाबा, तुम्ही याल ना नक्की?" तिने फोनवर विचारलं. "पंधरा दिवस आधीच येऊन बसतो," मी म्हणालो. मी आयुष्यात कुठे उशिरा गेलेलो नाही.

घराचा ताबा घेतला त्या दिवशी आधीचे मालक एकटेच होते. सत्तरीचे, अंगाने सुकलेले, हातांची कातडी फार वेळ पाण्यात राहिल्यासारखी पांढरी आणि सुरकुतलेली. त्यांनी आम्हाला ना स्वयंपाकघर दाखवलं, ना किल्ल्या समजावून दिल्या. ते मला थेट पंपाच्या खोलीत घेऊन गेले. तिथे फळीवर जाड पुठ्ठ्याची एक वही होती. रोजची नोंद: तारीख, वेळ, क्लोरीन, आम्लता, पातळी. अकरा वर्षांत एकही दिवस सुटलेला नव्हता. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. शेवटच्या नोंदीखाली त्यांनी लिहिलं होतं, 'चार्ज दिला', आणि पुढे सही.

आता इथे आमच्या केंद्राची पद्धत सांगितली पाहिजे. तिथे पाळी संपली म्हणून कोणी उठून घरी जात नाही. जाणारा वहीत 'चार्ज दिला' लिहून सही करतो, येणारा त्याखाली 'चार्ज घेतला, पाणी ठीक' लिहून सही करतो, आणि मगच जाणारा मोकळा होतो. येणारा आला नाही तर जाणाऱ्याने थांबायचं, मग दुसरा दिवस का उजाडेना. पाण्याला कोणीतरी वाली हवा. ते वाक्य मी एकतीस वर्षांत हजारो वेळा लिहिलं असेल. मालकांनी पेन पुढे केलं, आणि मी काही विचार करायच्या आत माझ्या हाताने ते लिहून टाकलं. दुसऱ्या कोणी आधी विचारलं असतं, हे कशाला म्हणून.

मालकांनी क्षणभर डोळे मिटले.

"पाणी सोडू नका हो," ते म्हणाले. "एक दिवससुद्धा."

"छे, सोडतोय कसला."

"मी मनापासून सांभाळलं. आत काही कमी पडू दिलं नाही."

एवढं बोलून ते फाटकाबाहेर चालू लागले. त्यांचा चष्मा फळीवरच राहिला होता. मी दोनदा हाक मारली, पण ते वळले नाहीत. रस्त्याच्या वळणाशी मात्र थांबले, वाकले, एक बूट काढला आणि आत हात घालून चाचपून पाहिलं. मग बूट घालून दिसेनासे झाले. बायको म्हणाली, "खडा गेला असेल."

पहिला महिना मजेत गेला. बायको सकाळी दहाला पाण्यात उतरायची आणि या काठापासून त्या काठापर्यंत चालत राहायची. पाण्याबाहेर जी बाई तीन पायऱ्या चढताना दोनदा थांबायची, ती आत मुलीसारखी गिरक्या घ्यायची. मी काठावर ब्रश घेऊन फरशा घासत असायचो आणि ती मुद्दाम माझ्यावर पाणी उडवायची. तिला इतकं हसताना मी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. फरशांचं ओझं मला तेव्हा ओझं वाटलं नाही.

पहिली शंका मला नळीतल्या रंगावरून आली. पाण्यातला क्लोरीन दोन प्रकारचा असतो. मोकळा असतो तो जंतू मारतो. माणूस पाण्यात उतरला की त्याच्या घामाशी, कातडीशी झटापट होऊन त्यातला काही अडकून बसतो. हा अडकलेला क्लोरीन मोजला की आदल्या दिवशी पाण्यात माणसं उतरली होती की नाही, ते खुर्चीत बसून सांगता येतं. बायकोला सर्दी झाली आणि ती तीन दिवस पाण्यात उतरली नाही. तिन्ही दिवस अडकलेला क्लोरीन रोजच्याएवढाच आला.

मी आधी औषधावर संशय घेतला. नवं मागवलं, नळ्या बदलल्या, हात दोनदा धुतले. फरक पडला नाही. चौथ्या दिवशी गाळणीच्या टोपलीत एक केस सापडला. पांढरा, हातभर लांब. माझ्या डोक्यावर मोजण्यासारखे केस नाहीत आणि बायकोचे मानेपर्यंत कापलेले आहेत. मी तो केस पानांबरोबर टाकून दिला आणि तिला काही बोललो नाही.

निवृत्त होताना केंद्रातल्या लोकांनी मला पितळी हुक गेज भेट दिलं होतं. पाण्याखालून वर येणारा एक आकडा आणि त्याला मोजपट्टी, एवढंच ते यंत्र असतं. आकड्याचं टोक पाण्याच्या पृष्ठभागाला खालून टेकलं की पातळी दशांश मिलिमीटरपर्यंत वाचता येते. मी ते तलावाच्या कडेला उभ्या नळीत बसवलं, म्हणजे लाटांचा त्रास नको. उन्हाने किती पाणी उडतं ते कळायला शेजारी बादली भरून ठेवली. मग बायकोला बोलावलं आणि डोक्यापर्यंत बुडी मारायला सांगितलं. आठ गुणिले चार, म्हणजे पातळी एक मिलिमीटर चढली की आत बत्तीस किलो आलं.

"एक पूर्णांक नऊ मिलिमीटर," मी म्हणालो. "म्हणजे एकसष्ट किलो."

"साठ," ती नाक चिमटीत धरून वर येत म्हणाली. "पन्नास हजार लिटर पाण्यात एक किलो इकडे तिकडे होतं."

दुपारी साडेतीनला मी पंप तासभर बंद ठेवतो, मोटरला विसावा म्हणून. त्या दिवशी त्या वेळेत मी गेजपाशी खुर्ची टाकून बसलो. वारा नव्हता. पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाच्या फरशांच्या फटी मोजता आल्या असत्या. बरोबर चार वाजता पातळी वर गेली. एक पूर्णांक सात. पाण्यावर साधा तरंगसुद्धा उठला नाही. पंचवीस मिनिटं ती तिथेच राहिली आणि मग पुन्हा होती तिथे आली. बादलीतलं पाणी हललं नव्हतं.

नऊ दिवस मी हे पाहिलं. दहाव्या दिवशी बायको येऊन माझ्या खुर्चीमागे उभी राहिली. तिने सगळं बघितलं आणि विचारलं, "कोण आहे?"

"चोपन्न किलो," मी म्हणालो.

त्यानंतर ती पाण्यात उतरली नाही. गुडघे पुन्हा धरले. एकदा संध्याकाळी ती म्हणाली, "मुलीकडे लवकरच जाऊ या का? आणि तिथून परत येऊच नको या." मला ते पटलं. तारखेला अजून तीन आठवडे होते. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही बॅगा गाडीत टाकल्या, फाटकाला कुलूप लावलं आणि निघालो.

रस्त्याच्या वळणाशी मला मोजे ओलसर लागले. सकाळी फरशा धुतल्या होत्या, म्हणून मी लक्ष दिलं नाही. पेट्रोल पंपापाशी पोचेपर्यंत पावलं बुटात पचपचायला लागली. पुढच्या चौकात पँट गुडघ्यांपर्यंत भिजली होती. बायकोने सीटवर हात ठेवला, हात उचलून बघितला आणि म्हणाली, "अहो, हे कुठून येतंय?" मी उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मला खोकला आला. खोकल्याबरोबर तोंडातून पाणी आलं. छातीवर कोणीतरी हात ठेवून दाबत असल्यासारखं झालं, आणि श्वास घ्यायला जावं तर आत हवा येईना.

गाडी तिने वळवली. ती दहा वर्षांत स्टिअरिंगला बसली नव्हती, पण मला बाजूला ढकलून तिने वळवली. फाटक दिसलं तसा माझा श्वास मोकळा झाला.

पंपाच्या खोलीत बसून मी मोजे काचेच्या नळीत पिळले. माझी तीच सवय आहे, दुसरं काय करणार. मोकळा क्लोरीन एक पूर्णांक चार, आम्लता सात पूर्णांक चार. फळीवर सकाळचा तलावाचा नमुना होता. दोन्ही नळ्या उजेडात शेजारी शेजारी धरल्या. रंगात फरक नव्हता.

त्या आठवड्यात मी आणखी दोनदा प्रयत्न केला, एकदा चालत आणि एकदा रिक्षाने. रिक्षावाल्याने मला चौकात उतरवलं आणि गादी पुसत पुसत शिव्या घातल्या. पंप बंद करून बघितला, वही कपाटात कोंडून बघितली, एकदा तर वही जाळायला घेतली. आगपेटीतली एकही काडी पेटली नाही. सगळ्या दमट होत्या. बायको पायरीवर बसून हे सगळं बघत होती. माझी सही कुठल्या ओळीवर आहे, ते तिने तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं.

मंगळवारी क्लोरीनवाला येतो. तो ड्रम फाटकाच्या बाहेर ठेवतो, आत येत नाही. आधी मला तो आळशीपणा वाटायचा.

"आधीचे साहेबसुद्धा इथपर्यंतच यायचे," तो म्हणाला. "अकरा वर्षं मी त्यांना रस्त्यावर पाहिलं नाही."

"आणि त्यांच्या घरचं कोणी?"

"बाई होत्या. पहिली काही वर्षं." त्याने ड्रमचं झाकण उगाच दाबून बघितलं. "लांब केस होते त्यांचे."

मी म्हणालो, "जरा थांब. एक वही आणतो, तेवढी सही करून जा."

हे माझ्या तोंडून निघालं, आणि निघाल्यावर मला माझीच लाज वाटली. पण मी वही आणायला आत गेलो हेही खरं आहे. परत आलो तेव्हा ड्रम होता आणि त्याची गाडी नव्हती. पुढच्या मंगळवारपासून ड्रम पहाटेच फाटकाबाहेर ठेवलेला दिसायला लागला.

तारखेला दहा दिवस होते तेव्हा दुपारी बाराला जावयाचा फोन आला. कळा सुरू झाल्या होत्या, आणि रक्तपेढीत त्या गटाचं रक्त नव्हतं. "बाबा, आत्ता निघा," तो म्हणाला. मागून मुलीचा आवाज ऐकू येत होता. ती मला हाक मारत नव्हती, नुसतीच कण्हत होती.

बायको काठी टेकत पंपाच्या खोलीत गेली. मी मागोमाग गेलो. तिने वही उघडून माझ्यापुढे ठेवली.

"लिहा," ती म्हणाली.

"नाही."

"अहो, रक्त तुमचं लागणार आहे. माझं चाललं असतं तर मीच गेले असते. लिहा. खाली मी लिहिते."

"आणि तू?"

"मी पाण्यात पाय घालणार नाही. नळीत थेंब टाकायला गुडघे लागत नाहीत." ती हसायचा प्रयत्न करत होती. "चार दिवसांचा प्रश्न आहे, मिलिमीटर. परत आलात की परत घ्या."

मी लिहिलं. चार्ज दिला. सही करताना तिच्याकडे बघितलं नाही. तिने फळ्यावरच्या गोल अक्षरात खाली लिहिलं, चार्ज घेतला, पाणी ठीक, आणि पेनाचं टोपण लावलं.

वळणाशी मी गाडी थांबवली, बूट काढला आणि आत हात घालून पाहिलं. मोजा कोरडा होता.

मी वेळेवर पोचलो. मुलगी झाली. डॉक्टरांना वाटत होतं तसंच झालं, आणि माझ्या दंडातून काढलेल्या रक्ताची पिशवी अजून कोमट असतानाच आत गेली. "अर्धा तास उशीर झाला असता तर सांगता आलं नसतं," डॉक्टर म्हणाल्या. चौथ्या दिवशी लेक आणि नात दोघी घरी आल्या. पाचव्या दिवशी मी निघायला हवं होतं.

मला कोणी अडवलं नाही. हे मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगतो, कारण ते तसंच आहे. सकाळी उठून मी रस्त्याच्या टोकापर्यंत चालत जायचो, तिथून पुढच्या रस्त्याच्या टोकापर्यंत, आणि पाय कोरडे असायचे. कुठे पान पडलेलं दिसलं तर ते उचलायचं नव्हतं. नात माझ्या छातीवर झोपायची. मी रोज म्हणायचो, उद्या निघतो.

बायको रोज सकाळी फोनवर आकडे सांगायची, माझी सहायक असल्यासारखी. एक पूर्णांक चार, सात पूर्णांक चार. मग नातीचं विचारायची. सहाव्या दिवशी म्हणाली, "काल फरशी घासताना पाय घसरला. कमरेपर्यंत आत गेले."

"लागलं का?"

"नाही. गुडघे दुखले नाहीत हो. अजिबात."

सातव्या दिवशी ती म्हणाली, "चार वाजता मी काठावर बसते. एकटं वाटत नाही."

मी म्हणालो, "उद्या निघतो."

"या सावकाश," ती म्हणाली. तिचा आवाज बरा होता. तो बरा आहे असंच मला मानायचं होतं.

नवव्या दिवशी तिने फोन उचलला नाही.

मी पोचलो तेव्हा फाटकाला आतून कडी होती. तलावाच्या पायऱ्यांपाशी चपला शेजारी शेजारी काढून ठेवलेल्या होत्या. काठी कठड्याला टेकवलेली होती. चष्मा घडी घालून चपलांवर ठेवलेला होता.

वहीत एकही दिवस सुटलेला नव्हता. शेवटची नोंद आदल्या दुपारची, तीन पन्नासची. त्याखाली गोल अक्षरात 'चार्ज दिला' आणि तिची सही.

त्याखालची ओळ रिकामी होती.

पोलीस आले. त्यांनी घर पाहिलं, मागचं रान पाहिलं, तलावात वाकून पाहिलं. तळाची फरशी न फरशी दिसत होती. आत कोणी नव्हतं. त्यांच्यातला एकजण म्हणाला, "पाणी छान ठेवलंय." फाटकाला आतून कडी होती हे मी तीनदा सांगितलं, आणि त्यांनी ते तीनदा लिहून घेतलं.

ते गेल्यावर मी वही घेतली. मला वाटलं, घेणारा नसला की जाणाऱ्याला थांबावंच लागतं, आमच्याकडे तशीच पद्धत आहे. मी घेतला तर ती मोकळी होईल. मी लिहिलं, चार्ज घेतला, पाणी ठीक. सही केली. मग पंप बंद करून गेजपाशी जाऊन बसलो.

चार वाजले.

तीन पूर्णांक सहा.

एक पूर्णांक सात आणि एक पूर्णांक नऊ. मी बेरीज पुन्हा केली.

त्याला आता चौदा रविवार झाले. मी पाणी मनापासून सांभाळतो. क्लोरीन जरासुद्धा जास्त होऊ देत नाही, तिचे डोळे लवकर चुरचुरतात. चार वाजता काठावर बसून तिला नातीच्या बातम्या सांगतो. नात पालथी पडायला लागली, खुळखुळा हातात धरते. पंचवीस मिनिटं पुरतात. एकदा मी पायऱ्यांवरून आत उतरलो आणि गळ्यापर्यंत पाण्यात उभा राहिलो. कोणी आलं नाही. पाणी फक्त पाणी होतं, आणि मला काठावर परत यावंसं वाटलं.

लेक आधी माझ्याशी बोलत नव्हती. आई कुठे गेली हे मला माहीत आहे आणि मी सांगत नाही, असं तिला वाटतं. ते अगदीच खोटं नाही. पण गेल्या महिन्यात तिने फोनवर रडत रडत सांगितलं, "बाबा, तुम्ही एकटे तिथे राहू नका. ते घर विका आणि इकडे या. हिला आजोबा तरी असू देत."

म्हणून मी घर विकायला काढलं.

आज सकाळी अकराला एक जोडपं बघून गेलं. गृहस्थ साठीचे, सिग्नलच्या केबिनमधून निवृत्त झालेले. बोलायला चांगले. त्यांच्या बायकोची कंबर धरते आणि डॉक्टरांनी पोहायला सांगितलंय. त्या पायरीवर बसल्या, पाण्यात हात घातला आणि म्हणाल्या, "किती स्वच्छ आहे हो." हात बाहेर काढताना त्यांना घाई नव्हती.

"देखभाल फार असते का?" गृहस्थांनी विचारलं.

"सवय होते," मी म्हणालो.

मी त्यांना पंपाच्या खोलीत नेलं आणि वही दाखवली. त्यांनी पानं उलटली आणि खूश झाले. म्हणाले, "आमच्या केबिनमध्येपण अस्संच होतं. सही झाल्याशिवाय जागा सोडायची नाही." सोमवारी ते कागदपत्रं घेऊन येणार आहेत. मी पेन भरून फळीवर ठेवलं आहे, आणि माझी ओळ आजच लिहून टाकली आहे.

जाताना त्यांच्या पत्नी फाटकात थांबून मागे वळून तलावाकडे बघत होत्या. अंगाने बारीक आहेत. अठ्ठेचाळीस किलोच्या असाव्यात. म्हणजे दीड मिलिमीटर.